विसरायला लागणारा वेळ

पीएलएल म्हणजे फेज-लॉक्ड लूप, एका ऑसिलेटरला दुसऱ्या सिग्नलच्या ठोक्याशी बांधून ठेवणारं सर्किट. त्याची आकृती फळ्यावर काढणाऱ्याचा खडू नेहमी ऑसिलेटरपाशी रेंगाळतो. तिथे गिगाहर्ट्झ असतात, इंडक्टरची देखणी वेटोळी असतात, फेज नॉइजच्या गप्पा असतात. लूप फिल्टरचीही बऱ्यापैकी बडदास्त ठेवली जाते, कारण तिथे गणित आहे आणि गणित असलं की भारदस्त वाटतं. डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात मात्र नुसतं ‘पीएफडी’ असं लिहून मंडळी पुढे सरकतात. दोन फ्लिप-फ्लॉप आणि एक अँड गेट. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

माझ्या कामाचा बराच काळ त्या चौकोनाच्या आत गेला. पीएफडी म्हणजे फेज-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर. दोन सिग्नलपैकी कोण आधी आला आणि किती आधी आला, एवढंच तो सांगतो. पण हा प्रश्न सेकंदाला दहा कोटी वेळा, आणि हल्ली त्याहूनही जास्त वेळा विचारला जातो, तेव्हा ‘एवढंच’ हा शब्द जपून वापरावा लागतो. हे सर्किट चालतं ते लक्षात ठेवण्यावर आणि अडतं ते विसरण्यावर. लक्षात ठेवायला त्याला वेळ लागत नाही म्हटलं तरी चालेल. विसरायला मात्र लागतो. वेगवान पीएफडीच्या बहुतेक अडचणी उकलत गेलं की शेवटी हीच गाठ हाती लागते.

आधी थोडी ओळख करून देतो. पीएलएलमध्ये एक संथ पण भरवशाचा सिग्नल असतो, बहुधा क्वार्ट्झ क्रिस्टलपासून आलेला. त्याला रेफरन्स म्हणतात. दुसरीकडे एक वेगवान पण लहरी ऑसिलेटर असतो, ज्याची वारंवारता व्होल्टेज देऊन वरखाली करता येते. हा व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेज-कंट्रोल्ड ऑसिलेटर. समजा, रेफरन्स १०० मेगाहर्ट्झचा आहे आणि आपल्याला ५ गिगाहर्ट्झ हवे आहेत. व्हीसीओच्या वारंवारतेला ५० ने भागायचं, भागून आलेला सिग्नल रेफरन्सशेजारी ठेवायचा, दोघांतला फरक मोजायचा आणि त्या फरकाने व्हीसीओला हाकायचं. दोघांचे ठोके जुळले की लूप ‘लॉक’ झाला.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये आंरी द बेलसीझ यांनी १९३२ साली रेडिओ ग्रहणासाठी अशी रचना मांडली होती, रिसीव्हरमधला ऑसिलेटर येणाऱ्या लहरीशी बांधून ठेवण्याची. पुढे टीव्हीच्या पडद्यावरच्या रेषा जागच्या जागी राहाव्यात म्हणून हेच तंत्र वापरलं गेलं. १९६९ मध्ये सिग्नेटिक्सने अख्खा पीएलएल एका चिपवर स्वस्तात द्यायला सुरुवात केली आणि मग तो सगळ्यांच्याच आवाक्यात आला.

या सुरुवातीच्या पिढीत फरक मोजण्याचं काम गुणाकार करणाऱ्या सर्किटकडे असे. दोन लहरींचा गुणाकार करा, सरासरी काढा, फेजमधला, म्हणजे ठोक्यांच्या वेळेतला, फरक हाती येतो. डिजिटल रूपात हेच काम एक्सऑर गेट करतं. दोन्ही इनपुट सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक. साधं, वेगवान, आणि अजूनही काही ठिकाणी उपयोगाचं. पण एक्सऑरचे नखरे आहेत. तो लॉक होतो तो दोन सिग्नलमध्ये ९० अंशांचं अंतर ठेवून. इनपुटची ड्यूटी सायकल, म्हणजे कालखंडातला किती हिस्सा सिग्नल वर असतो ते, पन्नास टक्क्यांवरून हलली की त्याचं उत्तरही हलतं. दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर चुकून लॉक होण्याची त्याला खोड आहे. हे सगळं एक वेळ सांभाळून घेता येईल. त्याचं खरं दुखणं वेगळं आहे. दोन वारंवारता वेगवेगळ्या असल्या की एक्सऑरचं आउटपुट नुसतं हेलकावे खातं आणि त्याची सरासरी मध्यावरच राहते. कोण जलद, कोण संथ, हे त्याला सांगताच येत नाही.

गोल धावपट्टीवर दोघे धावताहेत आणि आपल्याला कोणी त्यांचा फक्त एक फोटो दाखवला, तर दोघांतलं अंतर सांगता येईल, पण एक जण दुसऱ्याच्या दोन पावलं पुढे आहे की जवळजवळ अख्खी फेरी मागे, हे सांगता येणार नाही. एक्सऑर असे फोटो काढतो आणि लगेच विसरतो. पीएफडी धावपट्टीच्या कडेला वही घेऊन बसतो.

वही तरी केवढी, तर दोन बिटांची. दोन डी फ्लिप-फ्लॉप घ्या, क्लॉकची कड आली की डी इनपुटवर असेल ते धरून ठेवणारे. दोघांचंही डी इनपुट कायमचं ‘एक’ला बांधून टाका. पहिल्याच्या क्लॉकला रेफरन्स द्या, त्याच्या आउटपुटला म्हणू अप. दुसऱ्याच्या क्लॉकला भागून आलेला सिग्नल द्या, त्याचं आउटपुट डाउन. अप आणि डाउन दोन्ही एका अँड गेटला जोडा आणि त्या गेटच्या आउटपुटने दोन्ही फ्लिप-फ्लॉप रिसेट करा. संपलं सर्किट. माझ्या मते डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये इतक्या कमी सामानात इतकी अक्कल दुसरीकडे क्वचितच सापडेल.

एक फेरी सावकाश बघू. रेफरन्सचा कालखंड १० नॅनोसेकंद. सुरुवातीला दोन्ही आउटपुट शून्य. रेफरन्सची चढती कड आली, अप वर गेला. आता पीएफडीला ठाऊक आहे की रेफरन्स आधी आला, आणि हे तो धरून ठेवतो. २ नॅनोसेकंदांनी दुसऱ्या बाजूची कड आली, डाउनही वर गेला. अँड गेटला दोघेही वर दिसले, त्याने रिसेट सोडला, दोघेही खाली आले. पाटी कोरी. अप किती वेळ वर होता? २ नॅनोसेकंद अधिक रिसेटला लागलेला वेळ. डाउन किती वेळ? फक्त रिसेटला लागलेला वेळ. दोघांची वजाबाकी केली की बरोबर २ नॅनोसेकंद. इनपुटची ड्यूटी सायकल काहीही असो, सर्किट फक्त कडा बघतं. दुसरी बाजू आधी आली असती तर डाउन रुंद झाला असता आणि अप अरुंद. म्हणजे किती चुकलंय यासोबत कोणत्या दिशेने चुकलंय हेही कळलं.

वारंवारताच वेगळ्या असतील तर गंमत आणखी वाढते. रेफरन्स १०० मेगाहर्ट्झ आणि दुसरी बाजू ५० मेगाहर्ट्झ आहे असं धरा. संथ बाजूची एक कड येऊन पाटी कोरी झाली की जलद बाजूची कड लवकरच येते आणि अप वर जातो. मग संथ बाजूची वाट बघत तो वरच राहतो. मध्ये रेफरन्सची आणखी एखादी कड आली तरी फरक पडत नाही, अप आधीच वर आहे. हिशेब केला तर सरासरी पंचाहत्तर टक्के वेळ अप वर असतो. ८० मेगाहर्ट्झ असेल तर साठ टक्के. वारंवारता अगदी जवळ आल्या तरी ही सरासरी पन्नास टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि डाउनच्या वाट्याला रिसेटपुरतं डोकं वर काढणं येतं, बाकी काही नाही. म्हणजे लूपला सतत एकाच दिशेने ढकललं जातं, वारंवारता जुळेपर्यंत. यासाठी वेगळी शोधमोहीम काढावी लागत नाही. ही दिशा एक्सऑरला का दिसत नव्हती, तर त्याच्यापाशी आधीच्या क्षणाची नोंदच नव्हती. आरसीएच्या सीडी४०४६ या गाजलेल्या चिपवर दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, पहिला कंपॅरेटर एक्सऑर आणि दुसरा कडा बघून आठवण ठेवणारा. दोन्ही आलटूनपालटून जोडून बघितले की फरक कानाखाली वाजवल्यासारखा कळतो. पीएलएल शिकू पाहणाऱ्याला मी अजूनही हीच चिप घ्यायला सांगतो.

अप आणि डाउनच्या पल्समधून व्होल्टेज तयार करण्याचं काम चार्ज पंप करतो. वरून एक करंट सोर्स, खालून एक, आणि दोघांपुढे एकेक स्विच. अप असेल तोवर लूप फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये करंट ओतायचा, डाउन असेल तोवर काढून घ्यायचा. दोन्ही नसतील तर हात लावायचा नाही. हा ‘हात न लावण्याचा’ पर्याय फार मोलाचा आहे, कारण लॉक झाल्यावर कपॅसिटरवरचं व्होल्टेज शांत राहायला हवं. या जोडीचं नीट विश्लेषण फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० मध्ये मांडलं. लूपची बँडविड्थ, म्हणजे किती जलद बदलांना तो दाद देतो ते, रेफरन्सच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा, हा आमच्याकडचा ठोकताळा त्याच विचारातून आलेला. त्या गणितात शिरत नाही, ते सगळीकडे मिळतं.

आता अडचणीकडे येऊ. सगळं आदर्श असेल तर लॉक झाल्यावर दोन्ही कडा एकाच क्षणी येतील, अप आणि डाउन दोन्ही उगवता उगवताच मावळतील आणि चार्ज पंप स्वस्थ बसेल. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण चार्ज पंपचा स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर आहे, त्याच्या गेटला कपॅसिटन्स आहे आणि तो चालू व्हायला काही दहा-वीस पिकोसेकंद तरी लागतात. फेजमधला फरक ५ पिकोसेकंदांचा असेल आणि रिसेट झटपट होत असेल, तर अपचा पल्स पुरता उंचीला पोचायच्या आत खाली येतो. स्विचला कळतच नाही कोणी दार ठोठावलं ते. पीएफडीने फरक ओळखला, पण ती खबर पुढे गेलीच नाही.

याला डेड झोन म्हणतात. या पट्ट्यात लूपचा गेन, म्हणजे फरकाला मिळणारा प्रतिसाद, जवळजवळ शून्य होतो. व्हीसीओ आपल्या मर्जीने भरकटतो, फरक पट्ट्याबाहेर गेला की लूप दचकून जागा होतो, ढकलून परत आत आणतो आणि पुन्हा डोळे मिटतो. परिणाम काय, तर डेड झोन जितका रुंद तितका जिटर, म्हणजे कडांच्या वेळेची थरथर, फुकटात पदरी पडतो. त्यातही बोच अशी, की लूप अचूकतेच्या सगळ्यात जवळ असतो तेव्हाच आंधळा होतो. मोठी चूक तो सहज दुरुस्त करतो, बारीक चूक त्याच्या नजरेतून निसटते.

उपाय निघाला तो उलटा विचार करून. रिसेट झटपट होऊच द्यायचा नाही. अँड गेटनंतर चार-सहा इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटा करणारी गेटं, घालून मुद्दाम उशीर करायचा, समजा २०० पिकोसेकंदांचा. आता फरक शून्य असला तरी प्रत्येक फेरीत अप आणि डाउन दोघेही २०० पिकोसेकंद पुरते वर राहतात, दोन्ही स्विच पूर्ण उघडतात, एक ओततो, दुसरा काढतो, बेरीज शून्य. त्यात ५ पिकोसेकंदांचा फरक आला तर एक पल्स २०५ चा होतो, दुसरा २०० चा, आणि ते ५ पिकोसेकंद इमानाने कपॅसिटरपर्यंत पोचतात. डेड झोन गेला. बाजारातल्या काही सिंथेसायझर (हवी ती वारंवारता तयार करणाऱ्या) चिपवर ही रुंदी रजिस्टरमधून निवडता येते. अॅनालॉग डिव्हायसेसच्या एडीएफ४१०६ मध्ये १.३, २.९ आणि ६ नॅनोसेकंद असे आकडे सापडतात.

मॉनिटरवर हे पल्स बघायला मला आजही आवडतं. लॉक झालेल्या लूपमध्ये अप आणि डाउन एकमेकांवर टाकले की एकच रेघ दिसते. मग झूम करत जायचं, नॅनोसेकंदांवरून पिकोसेकंदांवर, आणि एका ठिकाणी त्या रेघेच्या दोन होतात. चढताना फट दिसली तर ती फेजमधली चूक. उतरताना फट दिसली तर दोन फ्लिप-फ्लॉपचे रिसेट एका वेळी पोचत नाहीत, म्हणजे लेआउटमध्ये एक तार दुसरीपेक्षा लांब गेलेली असते. आणखी एक जागा मी हमखास तपासतो. वरचा स्विच पीमॉस, म्हणजे गेट खाली ओढलं की चालू होणारा ट्रान्झिस्टर, असल्याने त्याला अप उलटा करून द्यावा लागतो, म्हणजे एक इन्व्हर्टर जास्त. खालचा एनमॉस गेट वर नेलं की चालू होतो, त्याला डाउन सरळ जातो. त्या एका इन्व्हर्टरचे दहा-पंधरा पिकोसेकंद कोणी हिशेबात घेतले नाहीत, तर दर फेरीत डाउन आधी पोचतो, अप मागून, आणि व्हीसीओला हाकणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजवर एक बारीक ओरखडा उठतो. म्हणून डाउनच्या वाटेवर कायम चालू ठेवलेलं ट्रान्समिशन गेट घालतात, त्याचं काम फक्त तेवढाच उशीर करण्याचं. हे गेट असायला हवं तिथे आहे का, हे बघितल्याशिवाय मी कोणाचीही स्किमॅटिक पास करत नाही.

पण २०० पिकोसेकंदांची ही सोय फुकट नाही. तेवढ्या वेळात दोन्ही करंट सोर्स चालू असतात, आणि ते कधीच तंतोतंत सारखे नसतात. वरचा खालच्यापेक्षा ५ टक्क्यांनी जास्त असेल, तर बेरीज शून्य व्हायला अप १० पिकोसेकंदांनी कमी चालावा लागतो. म्हणजे लूप लॉक होतो तो १० पिकोसेकंदांची कायमची चूक पोटात घेऊन. रेफरन्सच्या १० नॅनोसेकंदांपुढे हे काहीच नाही, ०.३६ अंश. पण ५ गिगाहर्ट्झच्या आउटपुटचा कालखंडच २०० पिकोसेकंदांचा, तिथे हेच १० पिकोसेकंद १८ अंश होतात. शिवाय दर फेरीत तोच ओरखडा उठत असल्याने स्पेक्ट्रममध्ये मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना १०० मेगाहर्ट्झवर दोन सुळे दिसायला लागतात, रेफरन्स स्पर. करंट सोर्सचा नॉइजही जेवढा वेळ ते चालू तेवढाच आत शिरतो. १० नॅनोसेकंदांत २०० पिकोसेकंद म्हणजे दोन टक्के वेळ. उशीर वाढवून १ नॅनोसेकंद केला की दहा टक्के. म्हणजे विसरायला वेळ दिला नाही तर बारीक चुका दिसत नाहीत, आणि जास्त दिला तर तेवढा वेळ कचरा आत येतो.

इथवरची ओढाताण मध्यम वेगावर निभावून नेता येते. खरी कसोटी लागते ती पीएफडीच वेगाने चालवायचा ठरवला की. मुळात तो वेगाने चालवायचा कशाला? आउटपुट ५ गिगाहर्ट्झचा असला तरी पीएफडीकडे भागून आलेलाच सिग्नल येतो ना? कारण त्या भागाकारातच आहे. ५० ने भागलं की पीएफडी आणि चार्ज पंपचा नॉइज आउटपुटवर ५० पट होऊन दिसतो, म्हणजे ३४ डेसिबल वर. रेफरन्स १० मेगाहर्ट्झचा असता तर ५०० ने भागावं लागलं असतं, म्हणजे ५४ डेसिबल. पीएफडीची वारंवारता दुप्पट केली की भाजक निम्मा होतो, त्यातून ६ डेसिबल वाचतात. पीएफडी दुप्पट वेळा कामाला लागल्यामुळे त्यातले ३ परत जातात. निव्वळ ३ डेसिबल हातात राहतात. रेडिओ असो की वेगवान सिरीयल लिंक, ३ डेसिबलसाठी लोक काय वाटेल ते करतात. लूपची बँडविड्थ वाढवायची मोकळीकही याच वाटेने मिळते, दहाव्या हिश्शाचा तो ठोकताळा आठवा. म्हणून पीएफडीवर सगळ्या बाजूंनी दबाव एकच, अजून जलद.

आणि मग तोच रिसेटचा उशीर आड येतो. तो २०० पिकोसेकंदांचा काळ पीएफडीच्या दृष्टीने काय आहे? पाटी पुसण्याचा. पुसणं चालू असताना कोणी नवीन कड घेऊन आलं, तर ती पाटीवर उमटतच नाही. १०० मेगाहर्ट्झवर ही आंधळी फट कालखंडाच्या दोन टक्के, म्हणजे ७.२ अंश. १ गिगाहर्ट्झवर ती ७२ अंश होते. फट पिकोसेकंदांत तेवढीच राहते, आजूबाजूचा कालखंड आक्रसत जातो.

एक कड हरवली तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते असं. रेफरन्स जलद आहे, त्यामुळे फेजमधला फरक वाढत वाढत जवळजवळ पूर्ण फेरीपर्यंत आलाय. अप अख्खा कालखंड वर होता. शेवटी संथ बाजूची कड आली, डाउन वर गेला, रिसेट सुरू झाला. नेमकी त्याच वेळी रेफरन्सची पुढची कड आली आणि पुसण्यात गेली. पाटी कोरी झाली. आता पुढे कोण आधी येणार? संथ बाजूची कड हरवलेल्या कडेच्या किंचित आधी आली होती, त्यामुळे पुढच्या खेपेलाही तीच आधी येते. डाउन वर जातो. जो मागे पडलाय त्यालाच पीएफडी सांगतो, तू पुढे आहेस, जरा दमाने घे! ही उलटी आज्ञा फरक फटीतून बाहेर येईपर्यंत चालू राहते.

आकड्यांत सांगायचं तर आदर्श पीएफडीत फरक शून्यापासून ३६० अंशांपर्यंत चढतो आणि परत शून्यावर येतो, सरासरी ढकल १८० अंशांची. फट ७२ अंशांची असेल तर चढण उणे ७२ पासून सुरू होते आणि २८८ वर संपते, सरासरी १०८. फट १८० अंश झाली की चढण उणे १८० ते अधिक १८०, आणि सरासरी शून्य. लूप निम्मा वेळ पुढे ढकलला जातो, निम्मा वेळ मागे, आणि जागच्या जागी झुलत राहतो. वारंवारता ओळखण्यासाठी आणलेल्या सर्किटची अवस्था एक्सऑरसारखी होते. रिसेटचा वेळ कालखंडाच्या निम्मा झाला की हे घडतं, म्हणजे २०० पिकोसेकंदांना कमाल मर्यादा २.५ गिगाहर्ट्झ. ही मर्यादा मेहमेट सोयूअर आणि रॉबर्ट मायर यांनी १९९० मध्ये व्यवस्थित मांडून दाखवली. प्रत्यक्षात कोणी त्या टोकापर्यंत जात नाही. लॉक व्हायला लागणारा वेळ त्याच्या बराच आधी वाढायला लागतो, आणि चिप तापली किंवा व्होल्टेज खाली आलं की २०० चे ३०० पिकोसेकंद व्हायलाही फार काही लागत नाही.

सिम्युलेशनमध्ये हे ओळखायची खूण सोपी आहे. कंट्रोल व्होल्टेज चढताना करवतीसारखे दात दिसतात, दर सायकल स्लिपला, म्हणजे फरक अख्खी फेरी ओलांडतो त्या दर खेपेला, एक. आदर्श लूपमध्ये दातांमध्ये व्होल्टेज थबकतं आणि पुन्हा चढतं. फट मोठी असेल तर दर दातानंतर ते काही पावलं खाली उतरतं आणि मग चढतं. उतरण नुसती डोळ्यांनी मोजली तरी रिसेटचा अंदाज येतो. मी तरी आधी हा आलेख बघतो, लॉक टाइमचा आकडा नंतर.

यावर उतारे पुष्कळ आहेत आणि माणसांच्या स्वभावासारखे ते वेगवेगळे आहेत. सरळ स्वभावाचे लोक फ्लिप-फ्लॉपच जलद करतात. पाठ्यपुस्तकातला नँड गेटांचा पीएफडी टाकून डायनॅमिक लॉजिक वापरायचं, ज्यात नोडच्या कपॅसिटन्सवर थोडा वेळ आठवण राहते आणि ट्रान्झिस्टरही कमी लागतात. १९८९ मध्ये युआन आणि स्वेन्सन यांनी मांडलेली ट्रू सिंगल फेज क्लॉकची पद्धत इथे फार कामाला आली. अजून घाई असेल तर करंट-मोड लॉजिक, जिथे सिग्नलची उंचीच कमी ठेवतात आणि बदल्यात सतत करंट जाळतात. काही जण जरा हिकमती. ते म्हणतात, पुसायला वेळ लागतोच ना, मग त्या वेळात आलेल्या कडेला बाहेर थांबवून ठेवू आणि पुसून झालं की आत सोडू. काही जण सरळ हात जोडतात, दोन्ही सिग्नल आणखी २ ने भागतात आणि वाचवलेले डेसिबल परत देऊन टाकतात. या शेवटच्या लोकांना मी कधी हसत नाही. वेळापत्रक सांभाळणारे तेच असतात.

मला स्वतःला पटणारा मार्ग यांच्या मधला आहे. रिसेटचा उशीर हा इन्व्हर्टरची माळ म्हणून न बघता चार्ज पंपच्या स्विचची नक्कल म्हणून बघावा. स्विचसारखाच ट्रान्झिस्टर, तसाच भार, आणि तो चालू झाल्याची खूण मिळाली की रिसेट. चिप थंड असताना स्विच जलद, उशीरही आपोआप कमी. चिप तापली की दोन्ही सोबत मंदावतात. जेवढी गरज तेवढाच वेळ. अगदी तंतोतंत जमत नाही, पण सगळ्यात वाईट परिस्थितीसाठी उशीर फुगवून ठेवण्याची आमच्या धंद्यातली सवय यामुळे जरा तरी आटोक्यात येते.

फ्रॅक्शनल-एन लूपमध्ये याच प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिथे भाजक पूर्णांक नसतो, ५० आणि ५१ मध्ये उड्या मारत सरासरीने ५०.३ वगैरे साधतात. त्यामुळे लॉक झाल्यावरही पीएफडीला दर फेरीत वेगवेगळा फरक दिसतो, कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा. शून्याच्या आसपास पीएफडी आणि चार्ज पंप जरा जरी वाकडे असले तरी त्या उड्यांचा, मुद्दाम वरच्या वारंवारतेला ढकलून ठेवलेला नॉइज दुमडून खाली येतो. त्यावर तोड म्हणून एक बारीकसा करंट कायम एका बाजूने वाहता ठेवतात. सगळा कारभार शून्यापासून दूर, सरळ रेषेच्या भागात सरकतो, आणि रेफरन्स स्पर थोडा वाढतो. इथेही देणंघेणं चुकत नाही.

जिथे पीएफडी मुळीच चालत नाही अशीही जागा आहे. डेटामधून क्लॉक काढायचा असतो तेव्हा ओळीने दहा शून्यं आली की दहा बिट एकही कड येत नाही. पीएफडीच्या वहीत त्याचा अर्थ एकच, समोरचा संथ झालाय. तो व्हीसीओला लगाम घालायला धावतो आणि सगळा घोळ करतो. म्हणून तिथे अलेक्झांडर यांचा १९७५ चा किंवा हॉग यांचा १९८५ चा डिटेक्टर लागतो, जे कड आली तरच बोलतात. पण त्यांना वारंवारता कळत नाही, म्हणून आधी पीएफडीचा लूप व्हीसीओला योग्य वारंवारतेजवळ आणून सोडतो आणि मग सूत्रं त्यांच्याकडे देतो.

असंच सूत्रं सोपवण्याचं काम सब-सॅम्पलिंग पीएलएलमध्ये पीएफडीच्या वाट्याला आलं आहे. २००९ मध्ये ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने दाखवलेल्या या रचनेत लॉक झाल्यावर भागाकारच नसतो. रेफरन्सच्या कडेवर व्हीसीओच्या लहरीचा थेट नमुना घेतात, त्यामुळे डिव्हायडरचा नॉइज नाही आणि डिटेक्टरच्या नॉइजला पन्नास पटीने वाढवणारंही कोणी नाही. फक्त या नमुन्यावरून आपण रेफरन्सच्या ५० पटीवर आहोत की ५१, हे कळत नाही. त्यासाठी शेजारी एक नेहमीचा लूप ठेवतात, डिव्हायडर आणि पीएफडी असलेला. वारंवारता जुळेपर्यंत त्याने काम करायचं आणि नंतर मुख्य लूपमध्ये लुडबुड करायची नाही. ते कसं साधलं? पीएफडीत मुद्दाम मोठा डेड झोन घालून. जो घालवायला इन्व्हर्टरच्या माळा लावल्या, बारीक ओरखड्यांवर जागरणं केली, तोच इथे स्पेसिफिकेशनमध्ये लिहून मागितला जातो, आणि रिव्ह्यूमध्ये प्रश्न येतो तो एवढाच, की पुरेसा रुंद आहे ना.